अधांतरी गाडी आणि वळणावरचा रूळ

बालमित्रांनो, अधांतरी धावणारी गाडी अवतरल्यावर जमिनीवरच्या रुळाचे काय होते, याचे यथामती निवेदन मी आज आपणांसमोर सादर करणार आहे. कृपया सावकाश वाचावे. माझ्यावरची गाडीही सावकाशच धावते.

मी एक जुना रूळ आहे. धगधगत्या भट्टीतून बाहेर पडून मी हॉल्ट म्हणजे एका लहानशा थांब्याजवळच्या वळणावर येऊन स्थिरावलो. चावीवाले काका रोज हातोडी घेऊन येत आणि मला खालच्या आडव्या स्लीपरशी जखडणाऱ्या लोखंडी चाव्या ठोकून घट्ट करत. मग ते माझ्यावर तळहात टेकत. (तुम्ही मात्र असे कदापि करू नये.) दूरच्या गाडीची थरथर त्यांना हातातून कळे. त्या गाडीने त्यांची लेक शाळेतून परते. लांब ढांगा टाकणारी, म्हणून घरात तिला बगळी म्हणत. काका रुळालगतच्या घरातल्या काकूंना हाक देत, "बगळी आली गं, आधण ठेव."

पुढे बगळी शिकली आणि अधांतरी गाडीची चालक झाली. चुंबकाच्या बळावर ती गाडी आपल्या मार्गापासून वीतभर वर तरंगते! उंच खांबांवरच्या त्या मार्गाच्या तुळया मालगाडीतून आल्या, त्या माझ्याच पाठीवरून. मी कुरकुर केली नाही. परंतु नवी गाडी सुरू होताच जुने रूळ उखडणार, असे कानावर आले आणि मी माझ्या चाव्या मोजू लागलो.

पहिल्या दिवशी काका ठेवणीतला सदरा घालून नव्या मार्गाच्या खांबापाशी गेले आणि सवयीने त्यावर तळहात टेकून उभे राहिले.

"अजून लांब आहे," ते काकूंना म्हणाले.

इतक्यात डोक्यावरून काहीतरी पांढरे, ढगासारखे सरकून गेले.

"अहो, गेली ती," काकू म्हणाल्या. "तुम्ही बघत बसा खांबाची नाडी."

काकांनी हात मात्र बराच वेळ काढला नाही.

उन्हात पडल्या पडल्या माझा डोळा लागे. स्वप्नात मीही तरंगे, पिसासारखा. खाली हॉल्टवर माणसे गाठोडी घेऊन उभी दिसत आणि मला काही केल्या थांबता येत नसे.

जागेपणीही तसेच होते. नवी गाडी मोठ्या शहरांतच थांबे. रेल्वेचे साहेब पाहणीस आले, तेव्हा दूधवाल्यापासून सुईणीपर्यंत सर्वांनी विचारले, की आम्ही चढायचे कुठे? साहेबांनी डोके खाजवले. उखडणे तूर्त लांबणीवर पडले. तूर्तच, मित्रांनो.

सुट्टी लागली. काका वाकले, त्यांनी तळहात टेकला. कुठून तरी दूरवरून एक थरथर माझ्या अंगातून त्यांच्या हातात उतरली. अधांतरी गाडीच्या चालकबाई स्वतःच्या घरी जुन्या गाडीनेच येत होत्या.

"बगळी आली गं," काका म्हणाले. "आधण ठेव."

मित्रांनो, नव्या गाडीत हौसेने बसा. तिला आमच्याच घरची लेक चालवते. परंतु ती जिथे थांबत नाही, तिथवर जाणारा रूळ जपा. लेकींना घरी यायचे असते.

आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार.

आपला नम्र,
वळणावरचा रूळ