जोडीचं रक्त

डॉक्टर क्षमाने सुई काढून शिवदासच्या कोपराच्या खळीत कापूस दाबला. घाटकोपरच्या इस्पितळात ती शिकाऊ डॉक्टर होती आणि फुफ्फुसाच्या कॅन्सरवर तिचा प्रबंध चालला होता. साल शहाऐंशी.

"यात काय बघणार?" शिवदासने विचारलं.

"अंगात सूज किती आहे ते. आणि रक्तात तांबं किती, जस्त किती."

"त्याने मला बरं वाटेल?"

"नाही काका. तुम्हाला याचा उपयोग नाही. पुढच्यांना कदाचित होईल."

आजार कळल्यापासून सगळे त्याला धीरच देत होते. हे सरळ उत्तर त्याला बरं वाटलं.

"तुमच्यासोबत कोणी येतं का? तुमच्याच वयाचा, तुमच्यासारखाच विड्या ओढणारा, पण आजार नसलेला माणूस हवाय. तुलना करायला."

"आणतो," तो म्हणाला. खरं तर सोबत कोणीच येत नव्हतं. बायको द्रौपदी जाऊन तीन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. पण कोणीतरी त्याच्याकडे काही मागितलं होतं.

विक्रोळीला उतरून तो थेट खंडूच्या चाळीत गेला. दोघांनी कारखान्यात बावीस वर्षं एकाच भट्टीवर काम केलं होतं, एकाच काडीवर विड्या पेटवल्या होत्या. जानेवारीत शिवदासच्या आजाराचं नाव कळलं आणि खंडू यायचा बंद झाला. रस्त्यात दिसला तरी पलीकडून जायचा.

दार खंडूनेच उघडलं. शिवदासने उभ्याउभ्याच काम सांगितलं. खंडू खाली बघत राहिला.

"माझ्यात पण काही निघालं तर?"

"म्हणून येत नव्हतास होय?"

"तुला खोकताना बघितलं ना, की माझीच छाती भरून येते रे. रात्रभर मोजत बसतो, किती वेळा खोकलो."

"मला वाटलं, तुला माझी किळस येते."

सोमवारी खंडू इस्पितळात आला. आधी त्याच्या छातीचा फोटो काढला, मग रक्त घेतलं. बाकावर दोघं शेजारी बसले होते, कोपराला कापूस धरून.

महिन्याने शिवदास एकटाच निकाल विचारायला गेला. खंडूचा फोटो स्वच्छ होता, रक्तही ठीक. शिवदासच्या रक्तात सूज फार, तांबं फार वाढलेलं, जस्त उतरलेलं.

"मी तांब्याच्या कळशीतलं पाणी पितो," तो घाईने म्हणाला. "द्रौपदीची कळशी आहे. बंद करू?"

"नको हो. ते तांबं कळशीचं नाही. अंगात आजार पेटला, सूज आली, की शरीर स्वतःच रक्तात तांबं वाढवतं. तुम्ही खुशाल प्या."

"मग पुढल्या महिन्यात कधी येऊ? रक्ताला?"

"रक्त एकदाच लागतं, काका. औषधाला या तुम्ही, तुमच्या तारखेला." ती दुसऱ्या कागदाकडे वळली.

तो थोडा वेळ तसाच उभा राहिला, मग निघाला.

खंडूला त्याने दारातूनच सांगितलं, "तुला काही नाही. फोटो साफ आहे."

खंडूने आत बायकोला हाक मारली, शेजाऱ्याला सांगितलं, पुन्हा आत जाऊन सांगितलं. घरात गलका झाला. चहा आला. शिवदासने तो प्यायला, कप खाली ठेवला आणि चपला घातल्या. कोणाचं लक्ष नव्हतं.

जिन्यावर खंडूने त्याला गाठलं. "आणि तुझं रे?"

"वाढलंय सगळं."

"मग आता?"

"आता काही नाही."

खंडू अनवाणीच त्याच्यामागे चालत त्याच्या खोलीपर्यंत आला. शिवदासने कुलूप काढलं, आत जाऊन खाटेवर बसला. खंडू उंबऱ्यावर टेकला. आत आला नाही, परतही गेला नाही. शिवदासला खोकल्याची उबळ आली. खंडूने मान दुसरीकडे वळवली, पण जागेवरून उठला नाही.