निवांतरावांचं सकाळचं काम

निवांतराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. गल्लीनं ठेवलेलं, पण इतकं चपखल बसलेलं की खरं नाव कुणी विचारलं तर त्यांनाच क्षणभर थांबावं लागे. चित्रांना फ्रेमा करून द्यायचं छोटं दुकान, मागे बायकापोरांचा व्याप नाही, डोक्याला ताप नाही. झोप झाली की दुकान उघडायचं आणि कंटाळा आला की बंद करायचं. आयुष्यात त्यांनी वेळ पाळली ती एकाच बाबतीत. सकाळी अर्धा कप चहा पोटात गेला की पोट साफ. थंडी असो, उन्हाळा असो, घर पाहुण्यांनी भरलेलं असो, यात कधी खंड पडला नाही.

एवढ्याशा गुणावर माणूस नावारूपाला येतो असं कुणी सांगितलं असतं तर ते हसले असते. पण आले खरे. नदीपलीकडच्या संशोधन संस्थेत त्यांना सूक्ष्मदर्शकातून काढलेल्या मोठमोठ्या फोटोंना फ्रेमा करायचं काम मिळालं होतं. फ्रेमा टांगता टांगता त्यांनी तिथल्या तरुण शास्त्रज्ञ मॅडमना सहज विचारलं, "ही कुठली फुलं हो?"

"फुलं नाहीत काका, पोटातले जंतू आहेत. चांगले जंतू." मग मॅडमना बोलायला कुणीतरी मिळालं आणि निवांतरावांना तर काय, वेळच वेळ होता. काही माणसांना दुखण्यात जबर अँटिबायोटिक द्यावी लागतात, त्यात पोटातले चांगले जंतूही मरतात, आणि रिकाम्या झालेल्या जागेत एक दांडगट जंतू ठाण मांडतो. औषधानं तो दबतो, पण त्याची बीजं मागे राहतात आणि औषध थांबलं की पुन्हा उगवतात. चांगल्या जंतूंमधले काही जण पित्तातल्या आम्लांचं रूप असं बदलतात की त्या दांडगटाला वाढताच येत नाही. म्हणून निरोगी माणसाचे जंतू रोग्याच्या पोटात नेऊन सोडायचे.

"आणि ते निरोगी माणसाकडून घेता कसे?" निवांतरावांनी विचारलं.

मॅडमनी सांगितलं. निवांतराव म्हणाले, "ते तर मी रोज वायाच घालवतोय."

तपासण्या झाल्या. रक्त झालं, बाकीचंही झालं, खाण्यापिण्याची आणि दुखण्याखुपण्याची चौकशी झाली. आलेल्या सगळ्या उमेदवारांमधून तिघेच टिकले आणि त्यात निवांतराव पहिले. शाळेत असताना निकालाच्या दिवशी त्यांनी घरी जायला लांबची वाट धरलेली, आणि इथे मॅडम पाहुण्यांना ओळख करून देताना म्हणत, "हे आमचे सगळ्यात उत्तम दाते." अंगावर मूठभर मांस चढायचं. घरी मात्र त्यांनी हे सांगितलं नव्हतं. ताईला एवढंच ठाऊक होतं की आपला धाकटा भाऊ आठवड्यातून दोनदा सकाळी त्या संस्थेत 'कामाला' जातो.

सांगितलं नव्हतं ते भाऊजींमुळे. भाऊजी म्हणजे ताईचे यजमान, वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. नोकरीत असेपर्यंत त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले आणि निवृत्त झाल्यावर माणसं तपासायला घेतली. निवांतराव मात्र त्यांच्याकडे पहिल्या दिवसापासून नापास. ताईच्या लग्नाचा फोटो त्यांनी स्वतःच्या हातानं फ्रेम करून दिला होता. तेव्हा ते नुकते काम शिकत होते, चार रात्री जागून पट्ट्या कापल्या, घासल्या, जोडल्या. भाऊजींनी फोटो भिंतीवर टांगला, दोन पावलं मागे सरले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "डावा कोपरा काटकोनात नाही."

तेव्हापासून दर भेटीत हे वाक्य ठरलेलं, आणि त्याला जोडून दुसरं, "एक काम धड होत नाही याच्याकडून." निवांतरावांना तो कोपरा सरळच दिसायचा. पण समोर निरीक्षकाचा डोळा, तेव्हा चुकत असेल ते आपलंच, असं त्यांनी धरून टाकलं होतं.

वाईट एवढंच की भाऊजींचा आवाज चढला की निवांतरावांच्या पोटात गोळा यायचा, आणि गोष्ट गोळ्यावर थांबायची नाही. भरल्या ताटावरून उठून त्यांना धावावं लागे. "हे बोलायला लागले की माझा भाऊ पळायला लागतो," असं ताई हसत हसत सगळ्यांना सांगायची. भाचरं तर मामा कितव्या वाक्याला उठतो यावर पैजा लावायची.

त्या वर्षी भाऊजींना न्यूमोनिया झाला. इस्पितळात जबर औषधं दिली, फुप्फुसं सुधारली, आणि जुलाब सुरू झाले. औषध दिलं की थांबायचे, औषध संपलं की दुपटीनं यायचे. जन्मभर दुसऱ्यांची वजनं तपासलेल्या माणसाचं स्वतःचं वजन भराभर उतरत गेलं. गालफडं बसली, आवाज खोल गेला. ताई नवऱ्याच्या उशाशी बसून दिवस काढत होती.

एका संध्याकाळी तिचा फोन आला. "डॉक्टर म्हणतात, आता हाच उपाय उरलाय. चांगल्या माणसाच्या पोटातले जंतू यांच्या पोटात सोडायचे. उद्या दुपारी करणार आहेत. तुझ्या त्या नदीपलीकडच्या संस्थेतून येणार म्हणे. चांगलं असतं ना रे त्यांचं?"

"चांगलं असतं," निवांतराव म्हणाले आणि फोनवर असूनही लाजले.

"यांनी एकच विचारलं. देणाऱ्याची तपासणी नीट केलीय ना? झालीय म्हटल्यावर सही केली." ताईचा आवाज भरून आला. "हे लागू पडलं नाही तर पुढे काय, ते डॉक्टर सांगतच नाहीत रे."

तो फोन ठेवतात तोवर मॅडमचा आला. "काका, उद्या सकाळी नक्की या. आमचा फ्रीझर बंद पडला, गोठवलेला सगळा साठा टाकून द्यावा लागला. एक दाता प्रवासाला गेलाय, दुसऱ्यानं खोकल्यासाठी अँटिबायोटिक घेतलंय. तुम्ही एकटेच उरलात, आणि दुपारी एका पेशंटला द्यायचंय."

पेशंट कोण हे सांगायचं नाही असा संस्थेचा नियम होता आणि मॅडमनी तो पाळला. पण निवांतरावांना सांगायची गरजच उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते संस्थेतल्या दात्यांच्या खोलीत जाऊन बसले. छोटी, स्वच्छ खोली. पांढरं झाकणाचं भांडं, साबण, आणि भिंतीवर त्यांनीच फ्रेम केलेला जंतूंचा फोटो. अर्धा कप चहा घेऊन झाला होता. काही नाही. मॅडमनी आणखी एक कप पाठवला, तोही घेतला. काही नाही. ते उठले, खोलीतल्या खोलीत फिरले, पुन्हा बसले. डोळ्यांसमोर भाऊजींची बसलेली गालफडं येत होती आणि पोट दगडासारखं गप्प होतं.

"काका, घाई नाही हं," मॅडम बाहेरून म्हणाल्या, तेही घाईघाईनं.

निवांतरावांची पाचावर धारण बसली. आयुष्यभर जे काम बोलावल्याशिवाय झालं, ते आज हात जोडूनही होत नव्हतं. शेवटी त्यांनी ताईला फोन लावला.

"ताई, होत नाहीये गं."

"काय होत नाहीये?"

त्यांनी सगळं सांगितलं. संस्था, भांडं, फ्रीझर, सगळं.

"म्हणजे ते तुझं?" ताई म्हणाली.

"माझं."

"आणि अडलंय."

"हो."

"फोन ठेवू नकोस," ताई म्हणाली. तिच्या आवाजात लहानपणी भावाच्या पायातला काटा काढतानाचा खंबीरपणा होता.

दार उघडल्याचा आवाज आला, वॉर्डातली भांडी वाजली, आणि ताई म्हणाली, "अहो, माझा भाऊ आहे फोनवर. कामधाम सोडून नुसता बसून राहिलाय. जरा बोला त्याला."

"माझ्यात ताकद नाही," भाऊजी म्हणाले. आवाज धाग्याएवढा बारीक झाला होता.

"मग राहू दे. तो म्हणतो, आपल्या फोटोची फ्रेम चांगली झालीय."

मग फोनमध्ये कुणीतरी मोठा श्वास घेतला.

"कोण म्हणतो चांगली झालीय? डावा कोपरा बघ म्हणावं. काटकोन कशाशी खातात माहीत आहे का? मोजायचं नाही, मापायचं नाही, आणि धंदा काय तर म्हणे फ्रेमांचा." आवाज प्रत्येक वाक्यागणिक चढत होता. "अरे, तुला इतकी वर्षं सांगतोय, एक काम धड होत नाही तुझ्याकडून..."

निवांतरावांच्या पोटात गोळा आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांना तो हवाहवासा वाटला.

"भाऊजी, ठेवतो."

"ठेवतो काय? मी बोलतोय अजून."

थोड्या वेळानं निवांतराव भांडं घेऊन बाहेर आले. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं नेमकं त्या दिवशी कुणालाच कळलं नसेल. मॅडमनी ते मिठाच्या पाण्यात कालवलं, गाळलं, आणि डबा इस्पितळाकडे रवाना केला.

चार दिवसांनी ताईचा फोन आला, आणि ती रडतेय की हसतेय ते सुरुवातीला कळेना. "थांबलं रे. काल रात्रभर झोपले. आज सकाळी चष्मा मागितला. आणि आत्ता नर्सला म्हणतायत, तुमच्या वॉर्डाचा वजनकाटा जास्त दाखवतो."

"मग बरे झाले," निवांतराव म्हणाले आणि हातातली फ्रेम बाजूला ठेवून स्टुलावर बसले.

"येईल त्याला सांगतायत, ज्यानं हे दिलं त्याचे पाय धुवून पाणी पिईन. सांगू का यांना?"

"नको. नियम आहे." मग खरं कारण सांगितलं. "कळलं तर म्हणतील, याचे जंतूही काटकोनात नाहीत. उगाच मनाला लावून घेतलं आणि पुन्हा आजारी पडले तर?"

मॅडमही खूश होत्या. त्यांनी पेशंटचं नाव न घेता निवांतरावांना पडद्यावर रंगीत पट्टे दाखवले. "हे डीएनए तपासून काढलंय. तुमचे जंतू तिथे नुसते गेले नाहीत काका, रुजलेत. वस्ती वसवतायत." निवांतरावांनी ते ताईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बघ, इतक्या वर्षांनी का होईना, माझ्या माहेरची माणसं यांनी आत घेतली."

पण उपचार अर्धाच झाला होता. दुखणं जुनं म्हणून डॉक्टरांनी आधीच दोन खेपा ठरवल्या होत्या. फ्रीझर दुरुस्त झाला होता, पण त्यात अजून काही साठलेलं नव्हतं. ठरल्या सकाळी निवांतराव पुन्हा त्या खोलीत जाऊन बसले. आता तर भीती दुप्पट होती, कारण एकदा अडलं होतं हे पोटानंही लक्षात ठेवलं होतं. चहा झाला, फेऱ्या झाल्या. ताईला फोन लावावा तर तिला पुन्हा काय निमित्त सुचणार? ते फोन हातात धरून बसले होते, तेवढ्यात तोच वाजला. भाऊजी होते.

"झालं का?" भाऊजींनी विचारलं.

"काय झालं का?"

"उगाच वेड पांघरू नकोस. मी निरीक्षक होतो. त्या दिवशी नर्स म्हणाली, दात्याचं अडलंय, थांबावं लागेल. लगेच तुझी बहीण फोन घेऊन आली, म्हणे माझ्या भावाला बोला. बोललो. थोड्या वेळानं नर्स म्हणाली, आलं. बेरीज करायला कितीसा वेळ लागतो?"

निवांतरावांनी चाचरत विचारलं, "तुम्हाला चालेल ना, माझं?"



"ऐक," भाऊजी म्हणाले. "तो फोटो टांगला ना, त्याच रात्री मी उतरवून काटकोन मोजायचा गुण्या लावून बघितला होता. डावा कोपरा काटकोनात आहे. चारही आहेत. केसाचाही फरक नाही."

निवांतरावांनी फोन कानाला घट्ट धरला. "मग इतकी वर्षं..."

"नवा मेहुणा डोक्यावर बसेल, म्हणून एकदा बोललो. नंतर परत कसं घ्यायचं ते जमलं नाही. बोलत राहिलो." भाऊजी थांबले. "चांगलं काम करतोस तू. तेव्हाही करत होतास."

निवांतरावांच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्यांना इतकं बरं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की पोटात अगदी शांत आहे. नको इतकं शांत.

"भाऊजी," ते नाक पुसत म्हणाले, "हे मला पुन्हा ऐकायचंय, पण घरी आल्यावर. आत्ता असं गोड बोलाल तर काम व्हायचं नाही. शिव्या द्या."

फोनमध्ये भाऊजी खाकरले. "तो डावा कोपरा..." त्यांनी सुरुवात केली, आणि आवाज कापला. पुन्हा खाकरले. दुसऱ्या वाक्याला आवाज लागला, तिसऱ्याला चांगलाच चढला, आणि मग पूर्वीसारखी सरबत्ती सुरू झाली.

मॅडमनी दारावर हलकेच टकटक केली. "काका, सगळं ठीक ना?"

"दोन मिनिटं मॅडम," आतून निवांतराव म्हणाले. "माझे भाऊजी बोलतायत."