भावजींचा इलाज

पिकअप एकदा तापली, तर भावजींनी इंजिनाची ऊब सांभाळणारा थर्मोस्टॅटच उपटून फेकला. "कंपनीवाले उगाच घालतात हो." डोकं दुखतंय म्हणून मान कापणारे हे वैद्यबुवा. मग इंजिन तापेचना, हीटर गार वारा ओकू लागला आणि वहिनी अख्खी थंडी कानाला मफलर गुंडाळून दुकानोदुकानी पाव पोचवत राहिली.

शेवटी रविवारी तिनेच इंजिनातलं पाणी काढलं, दोन बोल्ट सोडले, नवा थर्मोस्टॅट बसवला. भावजी तेव्हा आत घोरत होते.

सोमवारी ते शेजारी बसून गरम वाऱ्यावर हात शेकू लागले. "बघा वहिनी, माझा इलाज सावकाश लागू पडतो."

"तुमच्या हाताला गुणच आहे, भावजी," म्हणत वहिनीने हीटर बंद केला.