बर्फाच्या दोन लाद्या

शामकलानं पत्र्याच्या उतरत्या कोपऱ्याखाली बादली सरकवली आणि भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. नऊ. पत्र्यावर बर्फाच्या दोन लाद्या, लाद्यांवर फळी आणि फळीवर पांढऱ्या चादरीत अन्नपूर्णा, तिची सख्खी थोरली बहीण. पहाटे गेली होती.

"पाणी कायले जमा करून राहिली वो?" शेजारच्या अल्कानं डोळे पुसत विचारलं.

"मोजाले," शामकला म्हणाली.

भोवतीच्या बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. बहीण गेल्यावर बाई ऊर बडवते, भिंतीला टेकून सुन्न बसते, काहीतरी करते. हिनं पर्समधून तापमापी काढून पदराला पुसला.

नवेगाव बांधच्या मे महिन्यात सकाळी नऊलाच घराच्या भिंती तापतात. मयत ठेवायची फ्रीजरची पेटी आदल्या दिवशीच दुसऱ्या गावी गेलेली. मग तलावावर मासे भरण्याचं काम करणारा अन्नपूर्णाचा पुतण्या ओमेश तिथूनच या लाद्या घेऊन आला. मिळून शंभर किलो. आणि अन्नपूर्णाची एकुलती एक लेक टीना पुण्याहून निघालेली, अजून गाडीत. आई अत्यवस्थ आहे म्हणून काल बसली होती; आई गेली हे तिला अकोल्याजवळ कळलं. गाडी तीन तास मागे होती. गोंदियाला उतरून घर गाठेपर्यंत साडेपाच. फोनवर तिनं रडणं मधेच आवरून एवढंच विचारलं होतं की, माझ्यासाठी थांबाल ना.

थांबायचं की नाही हे केवलरामच्या हातात होतं. अन्नपूर्णाच्या नवऱ्याचा, खेमराजचा हा मोठा भाऊ. माणूस वाईट नव्हता. त्यानं फक्त उन्हाळ्यातली मयतं फार पाहिली होती. दोनला उचलू, असं त्यानं सांगितलं. बर्फ टिकत नाही, मग जे दिसतं ते लेकीनं पाहण्यापेक्षा न पाहिलेलं बरं.

"भाऊ, मले एक तास द्या," शामकला म्हणाली. "टिकते का नाही टिकत, सांगतो."

शामकला कनिष्ठ महाविद्यालयात प्रयोगशाळा परिचर होती. चोवीस वर्षं. दहावीच्या पुढं तिचं शिक्षण गेलं नाही, पण बर्फाचा प्रयोग तिनं दरवर्षी मांडला होता: बर्फ फोडायचा, टिपकागदानं कोरडा करायचा, कॅलरीमापीत सोडायचा, ढवळायचं. पोरं आकडे चुकवायची तेव्हा ती काचा पुसता पुसता कुणाकडेही न बघता बरोबर आकडा पुटपुटायची. सरांनाही ते ठाऊक होतं. वर्षाकाठी शंभरेक वह्यांत तिचा आकडा असायचा, सही सरांची. तिला त्याचं काही वाटायचं नाही, असं ती म्हणायची.

दहाला बादलीत आठ लिटर पाणी होतं. तापमापी पाच अंश दाखवत होता. शामकलानं कॅलेंडरचं गेल्या महिन्याचं पान फाडलं आणि पाठच्या कोऱ्या बाजूवर मांडलं. एक ग्रॅम बर्फाचं पाणी व्हायला ऐंशी कॅलरी. आठ हजार ग्रॅमला सहा लाख चाळीस हजार. ते पाणी पाच अंश तापायला आणखी चाळीस हजार. म्हणजे या खोलीतून तासाला सहा लाख ऐंशी हजार कॅलरी उष्णता बर्फात शिरते. दुपारी ऊन चढेल, म्हणून दीडपट धरू: दहा लाख वीस हजार. भागिले ऐंशी अधिक पाच, पंच्याऐंशी. तासाला बारा किलो बर्फ.

आठाची दीडपट बारा, हे एवढं न करताही आलं असतं. पण पायरी गाळून उत्तर लिहिणाऱ्या पोरावर तिचा कधीच विश्वास बसला नव्हता.

राहिलेला बर्फ ब्याण्णव किलो, भागिले बारा. "पाच चाळीसपर्यंत पुरते," तिनं केवलरामला सांगितलं.

त्यानं कागद उलटा धरला, सुलटा केला. "हे सर लोकायचं काम आहे, शामकला."

"सर सुट्टीत गावाले गेले, भाऊ."

केवलरामनं कागद तिला परत दिला. मग बाहेर जाऊन मंडपातल्या लोकांना साडेपाच सांगून आला.

अकराला बादलीत दहा लिटर आलं. ठीक होतं. बाराला मात्र बादली दोनदा भरली. वीस लिटर. शामकलानं तापमापी बुडवला आणि पारा खाली जाताना पाहिला. शून्यापाशी थांबला नाही, पुढं उणे चारवर गेला. चोवीस वर्षांत तिनं नुसत्या बर्फाचं पाणी शून्याखाली गेलेलं पाहिलं नव्हतं. तिनं लादीवरून बोट फिरवलं. बोटाला खडे लागले.

जाडं मीठ. ओमेशनं टाकलं होतं, दोन किलो, मोठीआईवरच्या, अन्नपूर्णावरच्या मायेपोटी. मासोळीच्या पेटीत टाकतो तसंच, म्हणाला. मिठानं बर्फ जोर धरते. गारवा वाढतो हे खरंच होतं. पण तो गारवा बर्फ स्वतः झपाट्यानं वितळून देतो. राहिले बासष्ट किलो. या चालीनं तीनला संपणार.

तिला कुणीच काही विचारलं नव्हतं. बादलीतलं पाणी गुपचूप मोरीत ओतलं असतं तर तीनपर्यंत कुणाला कळलंही नसतं. सांगितलं तर केवलराम आत्ताच उचलायला लावेल. नाही सांगितलं तर टीना येईल आणि आईचा चेहरा... शामकला उठली.

"भाऊ, माहा आकडा चुकला. तीनच वाजेपर्यंत पुरन."

ओमेशचं नाव तिनं घेतलं नाही. तो मात्र खाली मान घालून उभा राहिला आणि मीठ मीच टाकलं, म्हणाला.

केवलराम काही बोलायच्या आत, सकाळपासून दगडासारखा बसलेला खेमराज बोलला. "आता काय करा लागते, ते सांग."

तिनं सांगितलं. मीठ गार पाण्यानं धुवायचं. राइस मिलमधून धानाच्या कोंड्याची पोती आणून लाद्यांभोवती रचायची. दारं-खिडक्या बंद. आणि मग ती अडखळली.

"आन् बायांनी बाहेर बसा लागते. बसल्या जागी एक माणूस शंभरच्या बल्बाएवढी गरमी देते. इथं वीस बल्ब लागून आहेत."

अल्कानं हुंदका गिळला. मयताभोवती बसायचं नाही? रात्रंदिवस जिच्या घरात उठबस केली, तिला बंद खोलीत टाकायचं? एक म्हातारी तर, ही बाई नोकरी करून करून दगड झाली, असं सरळ बोलून गेली. शामकलानं ऐकून घेतलं. तिला उत्तर सुचत होतं, पण ते कॅलरीत सांगता येण्यासारखं नव्हतं.

खेमराज उठला. त्यानं बायकोच्या कपाळावर हात ठेवायला नेला, शामकलाकडे पाहिलं आणि तसाच मागं घेतला.

"एकटी नाही सोडाची तिले," तो म्हणाला. "एक जण चालन ना? तू बस. मी बाहेर आहो."

साडेचार तास ती अंधाऱ्या खोलीत कोंड्याच्या वासात बसून राहिली. बाहेर त्रिशरण-पंचशील झालं, ते तिनं दाराआडून म्हटलं. दर तासाला बादली पाहिली. आठ. सात. सात. पुन्हा सात. चौथ्या वेळी आकडा लिहिता लिहिता तिच्या लक्षात आलं की आपण हे अन्नपूर्णाला मोठ्यानं सांगतो आहोत, आणि मग ती सकाळपासून पहिल्यांदा रडली. तोंडावर पदर धरून, थोडं, श्वासाची गरमी वाढू नये म्हणून.

टीना सहाला दहा कमी असताना पोचली. अन्नपूर्णाचा चेहरा झोपल्यासारखा होता. तिनं आईच्या गालावर हात ठेवला आणि चटका बसावा तसा काढून घेतला.

"मावशी, किती थंड आहे ही."

शामकलानं चादरीचं टोक नीट केलं.

"हिले गरम पाण्यानं घाला ना आंघोळ," टीना म्हणाली. पुण्याची भाषा तिच्या तोंडून गळून पडली होती. "लय नाही. कोमट."

दिवस मावळायला तास उरला नव्हता, आणि दिवसभर बर्फावर जपलेल्या देहाला गरम पाणी म्हणजे काय, हे तिथं कुणालाही कळलं असतं. सगळ्यांनी केवलरामकडे पाहिलं. तो मागच्या अंगणात गेला, खाली वाकून चुलीत दोन लाकडं सारली आणि फुंकर घालू लागला.

शामकलानं पाण्यानं भरलेला गंज चुलीवर चढवला. पाण्याला वाफ धरली तसं ते घमेल्यात ओतलं आणि तान्ह्या लेकराच्या आंघोळीला पाहतात तसं त्यात कोपर बुडवून पाहिलं. जरा जास्त होतं. तिनं तांब्याभर गार पाणी घातलं आणि पुन्हा कोपर बुडवलं.