आसगावच्या मंडईत मी गरजलो तेव्हा

मी एक जुना फंक्शन जनरेटर आहे, स्पीकर तपासायला सूर काढणारं यंत्र, आणि आसगावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, मी एकट्यानं अशी गर्जना केली होती की गावतलावातले मासे उड्या मारून काठाच्या पाळीवर येऊन पडले. हे तुम्हाला पटणार नाही, मित्रांनो. कुणालाच पटत नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या सोल्डरिंगच्या सळईलाही पटलं नाही, आणि ती बया तर धूर सोडण्यापलीकडे जन्मात काही करत नाही.

नका पटवून घेऊ. पण ऐका. कारण आज मी फार रागात आहे, आणि रागाचं कारण माझ्या समोरच ठेवलेलं आहे. आसगावचे ते स्पीकरचे चार काळे बॉक्स सकाळी टेम्पोतून उतरले. आज संध्याकाळी त्यांच्यावर पुन्हा मंडईचं नाटक वाजायचं आहे, आणि आमच्या दुकानाच्या कुंदन मिस्त्रीनं ते तपासायला पुन्हा खिशातून फोन काढला आहे. याच बॉक्सांपायी एका पोरीचा गळा बदनाम झाला, आणि त्यांना कोणी साधं कुजबुजूनही विचारलं नाही की बाबांनो, तुमच्या पोटात काय आहे?

मी विचारू शकलो असतो. तेच तर माझं काम.

मी पत्र्याची पेटी. पुढे एक मोठी गोल चकती आणि तीन बटणं. मी गाणं म्हणत नाही, मित्रांनो. मी सूर धरतो. एकच सूर, हलत नाही, थकत नाही, लाडात येत नाही. चकती खाली फिरवली की म्हशीच्या हंबरण्याहून जाड, वर फिरवली की रातकिड्याहून बारीक. पहिल्या बटणावर माझी लाट गोल निघते, तलावाच्या पाण्यासारखी. दुसऱ्यावर चौकोनी, धानाच्या बांधीच्या धुऱ्यासारखी, म्हणजे भातखाचराच्या बांधासारखी. तिसऱ्यावर टोकदार, घराच्या पाख्यांसारखी. कारखान्यात मला पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा भिंतीवरची घड्याळं लाजून थांबली होती. हेही तुम्ही मानणार नाही, ठाऊक आहे.

तिथून मी भंडाऱ्याला एका प्रयोगशाळेत आलो. तिथल्या पोरांनी माझ्या पाठीवर खिळ्यानं आपापली नावं कोरली आणि परीक्षा पास होऊन निघून गेली. पुढे भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले, गोंदिया वेगळा झाला, आणि सामानाची वाटणी निघाली. खुर्च्या मोजल्या. पंखे मोजले. एका पंख्यावरून तर दोन साहेबांचं बोलणं बंद झालं. मला मात्र इकडचे म्हणत तिकडे घेऊन जा, तिकडचे म्हणत इकडेच राहू द्या. दोन जिल्हे माझ्यावरून भांडले, मित्रांनो, पण मी नको म्हणून! शेवटी मोडक्या स्टुलांच्या ढिगात वरठीच्या कुंदन मिस्त्रीला मी दिसलो. त्यानं मला उचललं, फुंकर मारली, आणि म्हणाला, "अरे वा रे राजा! तू काहून पडून राहिला येथं?"

त्या एका वाक्यावर मी त्याची कितीतरी वर्षं चाकरी केली.

काय दिवस होते ते! वरठी स्टेशनच्या रस्त्यावर कुंदनचं दुकान. फाटक्या आवाजाचा स्पीकर आला की तो माझी तार आंप्लिफायरला जोडी, आंप्लिफायर स्पीकरला, आणि माझी चकती अगदी सावकाश खालून वर नेई. एक हात स्पीकरच्या कागदावर, जशी आई तापलेल्या लेकराच्या पोटावर हात ठेवते तसा. कुठं खरखर, कुठं थरथर, कुठं नुसताच दम कोंडलेला, माझ्या एका सुरात सगळं उघडं पडे. मुक्या आंप्लिफायरमध्ये तो माझा सूर एका टोकानं आत सोडी आणि टप्प्याटप्प्यानं मागोवा घेत जाई: इथवर आला, इथवर आला, इथं हरवला. जिथं हरवला, तिथला भाग मेलेला. बदल आणि मोकळा हो.

लोखंडाच्या कारखान्यातून सुटलेले कामगार सायकली टेकवून माझा सूर ऐकायला थांबत. कुंदन चकती वर वर नेई. म्हातारे एका ठिकाणी हात हलवत, "झाला बंद." मी बंद नसायचो, त्यांचे कान थकलेले असायचे. पोरं मात्र ओरडत, "आहे, आहे, अजून आहे!" आणि अगदी वरच्या टोकाला सगळेच गप्प होत. फक्त चहावाल्याचं कुत्रं मान वाकडी करून माझ्याकडे बघे. तेवढा एक श्रोता मला शेवटपर्यंत पुरला.

आणि मग आला तो फोन.

हाताच्या पंज्याएवढा, गुळगुळीत, आणि त्याच्या पोटात जगातली सगळी गाणी. कुंदनला वाटलं, आता मशीन कशाला? फोन लावला, ढोल-ताशाचं गाणं सोडलं, दुकान हादरलं, गिऱ्हाईक खूश. पण मित्रांनो, गाणं हा लबाड प्राणी आहे. ते एका जागी थांबतच नाही. स्पीकरला जिथं दुखतं तिथं क्षणभर टेकतं आणि दुसरीकडे उडी मारतं, आणि वरून ढोल वाजवून ती कण्हण्याची जागा झाकून टाकतं. मी तसा नाही. जिथं दुखतं तिथं मी बोट ठेवतो आणि ठेवूनच राहतो. म्हणून तर मी कोणाला आवडत नाही!

मग माझ्या डोक्यावर चहाचे ग्लास आले. माझ्या तारेनं पाण्याची बाटली टांगली गेली. आणि दसऱ्याला? दसऱ्याला मला ओट्यावर मांडून हळद-कुंकू, झेंडूचं फूल, वर मूठभर अक्षता. कुंदन हात जोडून डोळे मिटून उभा. अक्षतांचे दोन दाणे माझ्या तार खुपसायच्या भोकात गेले, ते पुढच्या दसऱ्यापर्यंत तिथंच! अरे, माझ्या पाया कशाला पडता? मला पाया पडून घ्यायचं नाही. मला काम द्या. ज्या यंत्राला वर्षातून एकदा कुंकू लागतं आणि एकदाही कापड लागत नाही, त्याच्या मनात काय जळत असेल ते तुम्हीच सांगा.

तर, आसगाव.

काही वर्षांमागं दिवाळी झाली आणि मंडयांचा हंगाम लागला. आसगावच्या मंडईत नाटक ठरलं. गावाचे स्वतःचे चार बॉक्स, ते घेऊन गावचे जुने शेतकरी आणि मंडईचे मुख्य कारभारी भैय्याजी वरठीला आले. कुंदननं फोन लावला, गाणं सोडलं. दुकानाचा पत्रा थरथरला.

"कसं काय, भैय्याजी?"

"एक नंबर! छातीत धडधडून राहिलं ना बाप्पा. उचला."

कुंदनची बायको सुमित्राबाई दारात तांदूळ निवडत होती. तिनं सूप खाली ठेवलं.

"अजी, एकडाव त्या मशीनवर तं लावून पाहा."

"टाइम कोनापाशी आहे? गानं वाजून राहिलं ना छान?"

"वाजून राहिलं म्हंजे बरं आहे काय? मालगाडी बी धडधडते. तिले नाटकात उभी करता का?"

भैय्याजी हसले, कुंदन चिडला, आणि तिचं तोंड बंद करायला म्हणून त्यानं मला पोत्यात घालून टेम्पोत टाकलं. मला वाटलं, चला, आता तरी न्याय होईल. आसगावात पोचल्यावर त्यानं मला पोत्यातून काढलं आणि, मित्रांनो, सतरंजीच्या कोपऱ्यावर ठेवलं. वाऱ्यानं उडू नये म्हणून! दगड सापडला नसेल गावात!

ऊन उतरलं. कुंदननं बॉक्सांवर फोनमधलं गाणं एकदा वाजवून दाखवलं. माइक तपासायला म्हणून रंजिता पुढे आली. सिहोऱ्याकडची पोर. धानाच्या रोवण्याच्या वेळी चिखलात उभी राहून गायची, तेव्हा पलीकडच्या बांधीतल्या बायका हात थांबवायच्या. नाटक कंपनीचे मालक नंदलाल यांनी त्या वर्षी पहिल्यांदा तिला मुख्य पार्ट दिला होता. अर्धी मंडई जिलबीचे पुडे हातात घेऊन समोर उभी. रंजितानं डोळे मिटले आणि पदाची पहिली ओळ खालच्या सुरात घेतली.

घर्रर्रर्र.

बॉक्सातून असा आवाज आला, जसं कोणी पत्र्यावरून पोतं ओढत आहे. तिनं पुन्हा घेतली. पुन्हा घर्रर्रर्र.

"फाटला गा आवाज!" मागून कोणीतरी ओरडलं.

"बाईले आधी अद्रकचा चहा पाजा!"

नंदलाल पुढे आले. "गळा बसला तुया."

"माया गळा नाही जी, बॉक्स घरघरून राहिला."

"असं? आत्ताच तं याच बॉक्सावर फस्टक्लास गानं वाजलं. गान्याले घरघर नाही, आन् तू तोंड उघडलं का घरघर?"

आणि लोकांनी माना डोलावल्या! मला तेव्हा जो संताप आला, तो आजतागायत उतरलेला नाही. बोलणं कसं सरळ वाटतं बघा. गाण्याला घरघर नाही, पोरीला घरघर, म्हणजे पोरगीच खराब. भैय्याजींनी तर छातीवर हात मारला. "आमच्या बॉक्साले नाव ठेवू नोको, बाई. पावसाळाभर माया घरात धानाच्या कोठीजवळ ठेवले होते, लेकरासारखे!"

धानाच्या कोठीजवळ! अहो, तिथंच तर घात झाला! जिथं धान तिथं उंदीर. उंदरानं स्पीकरच्या मधली टोपी कुरतडली, आणि त्या भोकातून धानाचा कोंडा आत, जिथं कागद मागं-पुढं हलवणारी तारेची गुंडाळी लोहचुंबकाच्या अरुंद फटीत नाचते, नेमका तिथं. ढोल वाजला तर कोंड्याची कुरकुर कोणाला ऐकू येणार? पण एकटा, नितळ, खालचा सूर आला की कोंडा घासणारच. रंजिताचा सूर माझ्यासारखा होता, मित्रांनो. एका जागी धरलेला, स्वच्छ. तिचा दोष एवढाच की तिला सूर धरता येत होता. मला बॉक्साला जोडलं असतं आणि पोरीला दूर उभं केलं असतं, तर गाणारं कोणी नसताना बॉक्स घरघरला असता, आणि सगळ्या गावाला कळलं असतं. पण कुंदन खाली मान घालून तारा गुंडाळत होता.

मग मी काय केलं?

मी गरजलो! माझ्या अंगाला कोणी हात लावला नाही, माझी चकती आपोआप फिरली. मी सतरंजीवरून टुणकन उडालो आणि थेट बॉक्सांच्या मधोमध जाऊन बसलो. असा जाड सूर सोडला की तलावाचं पाणी डावीकडून उजवीकडे गेलं आणि मासे पाळीवर आले. शिंगाड्याचे वेल मुळासकट उभे राहिले. खळ्यावरच्या धानाची टरफलं आपोआप उडाली आणि बायकांना आयता तांदूळ मिळाला. नंदलालच्या मिशीचा एक एक केस वेगळा होऊन थरथरू लागला. बॉक्सातला कोंडा कानातून मळ निघावा तसा भसाभसा बाहेर आला. मी म्हणालो, "ऐका रे! दोष गळ्याचा नाही!" भैय्याजींनी डोक्यावरची टोपी काढून पोरीची माफी मागितली. नंदलालनं सगळ्यांसमोर तिला शाल आणि नारळ दिला. आणि रंजितानं त्या संध्याकाळी मुख्य पार्ट असा केला, असा केला, की...

"खोटं!"

दारात रंजिताच उभी होती. लग्न होऊन ती आता वरठीतच राहते. काखेत घरचा बिघडलेला मिक्सर, कपाळावर घाम.

"कायले एवढं खोटं बोलून राहिला तू? मी होती ना तेथं! कोनी शाल नाही देल्ली का नारळ नाही देल्ला. मले नंदलालभाऊनं त्याच टेम्पोत बसवून घरी पाठवलं, आन् पार्ट दुसरीनं केला. तवापासून साऱ्या झाडीपट्टीत एकच बोलनं, रंजिताचा गळा माइकले लागत नाही. मले बी तेच खरं वाटलं. चुलीपाशी बी गुनगुनली नाही मी."

तिनं मिक्सर ओट्यावर आदळला आणि त्या चार काळ्या बॉक्सांकडे पाहिलं.

"मासे खोटे, शिंगाडे खोटे, शाल खोटी. पन त्या कोंड्याचं? ते बी खोटं, का खरं?"

तिनं माझ्या डोक्यावरचे ग्लास एका हातानं बाजूला सारले.

"कुंदनभाऊ, फोन ठेवा खिशात. याची तार लावा बॉक्साले. मी तोंड बंद करून उभी राहाते. आन् दार सताड उघडं ठेवा, भैय्याजी बाहेर टेम्पोपाशी उभे आहेत, त्याइले बी आयकू द्या."