मी नाही, खुर्ची

माझा मेव्हणा गेला तो टेम्पोत, स्वतःच शिवलेल्या सोफ्यावर बसून. माल गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायचा होता आणि असल्या वेळी पुढे ड्रायव्हरशेजारी बसणं त्याला कधीच पटायचं नाही. "आपण बनवलंय तर आपणच आधी ऐश करायची," म्हणत तो मागे चढायचा. पोचल्यावर ड्रायव्हरनं मागची फळी उघडली तर हा पाय पसरून, मान एका बाजूला टाकून, डोळे मिटून बसलेला. ड्रायव्हर त्याला चांगला ओळखून होता. "उठा मालक, नाटकं पुरे," म्हणत त्यानं तळपायाला गुदगुल्या केल्या. दारात उभी असलेली गिऱ्हाईक बाईसुद्धा हसली म्हणे. मग ड्रायव्हरनं मला फोन केला, आणि मी त्यालाच झापलं, की ही असली थट्टा मला चालणार नाही, फोन त्या नालायकाकडे दे.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, कळलंही नसेल. धडधाकट माणूस, सकाळी माझ्या चहात मीठ टाकून गेलेला. त्या मिठाबद्दल मी त्याला दुपारी आल्यावर फैलावर घेणार होतो.

मेव्हणा तो नंतर झाला, आधी दोस्त. शिकाऊ कामगार म्हणून आम्ही एकाच फर्निचरवाल्याकडे लागलो. मी सुतारकामाला, तो गादीकामाला. ज्याला दिवसातून दहादा साल्या म्हणायचो, त्याच्याच बहिणीशी माझं लग्न झालं आणि तो खराखुरा साला झाला. त्यानंतर त्यानं मला गिऱ्हाइकांसमोर मुद्दाम खाली वाकून "दाजी, दाजी" करायला सुरुवात केली. पुढे आम्ही दोघांनी मिळून स्वतःचं दुकान काढलं. सांगाडा माझा, स्प्रिंगा, काथ्या, फोम आणि कापड त्याचं. सगळा बाजार त्याला 'नमुना' म्हणायचा. नावाला जागला तो.

माझा स्वभाव तिरसट आहे, हे मला ठाऊक आहे. मला काटकोन आवडतो. ठरल्या वेळी ठरलेलं काम आवडतं. त्यानं एकदा माझ्या मोजपट्टीचा पहिला इंच कापून वरची पत्र्याची चिमटी पुन्हा बेमालूम ठोकून ठेवली. एका अख्ख्या पलंगाच्या फळ्या मी आखूड कापल्या. पलंग उभा करताना मी डोकं खाजवत बसलो आणि हा पठ्ठ्या कापडाच्या गठ्ठ्यामागे तोंडात रुमाल कोंबून लोळत होता. कित्येक दिवस मी त्याच्याशी बोललो नाही. तो मात्र रोज माझ्याशी बोलत राहिला, दोघांच्या वाटचं.

आता खुर्चीचं सांगतो.

सासूबाई आणि तो दुकानाच्याच वरच्या दोन खोल्यांत राहायचे. त्यानं लग्न केलं नाही. विचारलं की म्हणायचा, एका बाईला छळतोय तेवढं पुरे. सासूबाईंचे गुडघे दुखायला लागले तेव्हा आम्ही त्यांच्यासाठी उंच पाठीची, हातांची खुर्ची केली. सांगाडा मी सागवानाचा केला. बैठक त्यानं भरली, आणि भरताना आत एक पिपाणी बसवली, रबरी खेळण्यांच्या पोटात असते तशी. खुबी अशी, की बसल्याबरोबर ती वाजायची नाही. माणूस बसला, पाय लांब केले, पाठ टेकली आणि 'हुश्श' म्हणाला, की मगच खालून "प्यांऽऽ" असा आवाज यायचा. पहिल्या दिवशी सासूबाई ताडकन उठल्या आणि ओरडल्या, "गधड्या!" दाराआडून त्याचं डोकं बाहेर आलं. म्हणाला, "मी नाही, खुर्ची!"

तेव्हापासून तो घरचा नियमच झाला. खुर्ची वाजली की सासूबाईंनी "गधड्या!" ओरडायचं आणि त्यानं असेल तिथून, मोरीतून असो की खाली दुकानातून, "मी नाही, खुर्ची!" असं उत्तर द्यायचं. मी खाली रंधा मारत असायचो. वरून शिवी यायची, शेजारून हा तोंडात धरलेल्या चुका, म्हणजे बारीक खिळे, बाजूला करून छताकडे बघून ओरडायचा आणि पुन्हा ठोकायला लागायचा. गिऱ्हाइकं दचकायची. मी म्हणायचो, लक्ष देऊ नका, घरगुती मामला आहे.

त्याला पोचवून आल्यावर बायको आईजवळ राहायला गेली. सासूबाई बोलत नव्हत्या, रडत नव्हत्या. पुढे केव्हातरी त्या खुर्चीत बसल्या. पाठ टेकली. खुर्ची वाजली. आणि त्यांनी नेहमीच्या आवाजात हाक दिली, "गधड्या!" मग मान वळवून दाराकडे बघत राहिल्या.

मी तेव्हा खाली होतो. रंधा हातातच राहिला. शेजारी त्याचं स्टूल रिकामं होतं आणि मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलायला पाहिजे. कुणी बोललं नाही.

हे रोज व्हायला लागलं. सकाळ-संध्याकाळ वरून हाक यायची, मग ती शांतता. बायको खाली येऊन म्हणाली, "अहो, आईचं काही खरं नाही. ती वाट बघते त्याची. परवा मला म्हणाली, दार लोटू नकोस. तिच्या डोक्यावर परिणाम झाला तर मी काय करू? दादा गेला, आता आईपण अशी जाणार का?"

"मग काय करायचं?"

"काढून टाका ते आतलं. तेच तिला विसरू देत नाही."

मी लगेच हो म्हणालो. बायकोला वाटलं मी तिच्या आईसाठी हो म्हणालो. खरं तर मलाच ती हाक सहन होत नव्हती. दिवसातून दोनदा कुणीतरी माझ्या छातीत दाभण खुपसत होतं.

बायको आईला डोळे तपासायला घेऊन गेली तेव्हा मी वर गेलो आणि खुर्ची उलटी केली. खालच्या काळ्या कापडाला त्याचे टाके होते, मागे वळून गाठ मारलेले. त्याच्या हाताला ती सवयच होती. टाके उसवत सावकाश काम करायला हवं होतं. मी सुरी घातली आणि चर्रकन फाडलं. राग कुणाचा होता देव जाणे. त्याचाच असणार. असं न सांगता सवरता जातात का? आत दोन पट्ट्यांच्या मध्ये चामड्याचा तुकडा, एक बारकी स्प्रिंग आणि पिपाणी, असं काहीतरी गुंतवलेलं होतं. कसं गुंतवलंय ते बघायलाही मी थांबलो नाही. ओढून काढलं. पिपाणीचं रबर सुरीनं आधीच चिरलं होतं. नवं कापड लावलं, खुर्ची जागेवर ठेवली.

सासूबाई आल्या, खुर्चीत बसल्या. पाय लांब केले. पाठ टेकली. हुश्श म्हणाल्या.

काही झालं नाही.

त्या थांबल्या. जरा पुढे सरकून पुन्हा टेकल्या. मग उठल्या, परत बसल्या, सगळं अंग मागे टाकलं. बायको माझ्याकडे बघत होती आणि मी भिंतीकडे.

"काढलीत?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, तुझ्याच भल्यासाठी..." बायको म्हणाली.

"मला वेड लागलंय असं वाटलं ना तुम्हाला? अगं, त्याच्या गार कपाळावर हात ठेवलाय मी. तो गेलाय हे मला नाही कळणार तर कुणाला कळणार?" त्यांचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. "रिकाम्या घरात लेकाला हाक मारायची तर काही निमित्त लागतं बाई. उगाच मारली की लोक म्हणतात, म्हातारीचं डोकं फिरलं. खुर्ची वाजली की मारायचीच असते. तेवढं एक निमित्त उरलं होतं मला."

"मग दाराकडे का बघायचीस?"

सासूबाईंनी आत्ताही दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "सवय. आणि खोटं कशाला बोलू, थोडी आशा पण."

त्या दिवसापासून त्या खुर्चीत बसेनात. पलंगाच्या कडेला बसायच्या, तिथून उठताना गुडघे धरून कळवळायच्या. विचारलं तर "बरी आहे हो" एवढंच. जेवायला वाढलं तर चिवडत बसायच्या. घरातलं बोलणंच आटलं. आधी ती हाक तरी होती, आता काहीच नव्हतं. खाली माझी रंध्याची खरखर चालायची आणि मला ती ऐकवेना.

चिरलेली पिपाणी मी फेकली नव्हती. ती चिकटवून पाहिली, ती नुसती फुसफुसली. मग खेळण्यांच्या दुकानातून रबरी बदक आणलं आणि त्याच्या पोटातली काढली. ती बैठकीत बसवायला घेतली आणि मला घाम फुटला. कुठं ठेवली तर बसल्याबरोबरच वाजायची. कुठं ठेवली तर वाजायचीच नाही. टेकेपर्यंत दम धरायचा आणि मग वाजायचं, हे त्यानं कसं साधलं होतं? आयुष्यभर हा माणूस माझ्या हाताच्या अंतरावर बसून काम करत होता आणि त्याचे हात काय करतात ते मी कधी नीट पाहिलं नव्हतं. मी त्याची बडबड तेवढी ऐकायचो, तीही वैतागून.

बायको खाली आली. मी काय करतोय ते तिनं पाहिलं आणि न बोलता खुर्ची धरली. मी टाके घालायचो, ती बसून बघायची, मी पुन्हा उसवायचो. असं कितीदा झालं कुणास ठाऊक. शेवटी ती म्हणाली, "दादा असता तर आपल्याला असं बघून हसून हसून मेला असता." मग तिचं तिलाच कळलं आपण काय बोललो ते, आणि ती खुर्चीच्या हातावर डोकं ठेवून रडली. इतके दिवस आईला सांभाळायच्या नादात तिला रडायला सवड मिळाली नव्हती.

खुर्ची झाली असं मला वाटेपर्यंत वाट बघण्यात अर्थ नव्हता. आम्ही ती वर नेली.

"बसा ना आई," मी म्हणालो.

"कशाला उगाच त्रास घेतलात," त्या म्हणाल्या. पण बसल्या. पाय लांब केले. पाठ टेकली.

काही झालं नाही.

खाली तर वाजत होती. त्यांचं वजन कमी झालं होतं, ते मी धरलंच नव्हतं. त्या थोडा वेळ तशाच टेकून राहिल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "छान झालीय हो. मऊ झालीय." जावयाशी जसं बोलायचं तसं अगदी रीतसर बोलल्या. मला वाटलं, याच्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मग हातांवर जोर देऊन त्या उठायला लागल्या.

त्या उठल्या आणि मागून खुर्ची ओरडली. त्याच्या खुर्चीसारखी नाही. कुणीतरी बदकाचा गळा दाबावा तसं, लांबलचक, बेसूर, मध्येच आचका देत. थांबता थांबेना.

सासूबाई जागच्या जागी खिळल्या. बायकोनं तोंडावर हात ठेवला. सासूबाई वळल्या. माझी नजर आधीच दाराकडे गेली होती, पण त्यांची नाही गेली. त्या थेट माझ्याकडे बघत होत्या.

"गधड्या!"

लग्न झाल्यापासून या बाईंनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं. नियमाप्रमाणे आता उत्तर यायला हवं होतं आणि ते द्यायला दारात कुणी नव्हतं, खाली दुकानात कुणी नव्हतं, कुठंच कुणी नव्हतं. हे माझं काम नाही, मला असलं जमत नाही, असं ओरडून सांगावंसं वाटलं.

"मी नाही," मी म्हणालो. पुढचं बाहेर पडेना. "खुर्ची."

सासूबाईंनी माझं मनगट धरलं, तशाच मागे खुर्चीत बसल्या आणि रडायला लागल्या. मोठ्यानं, शेजारीपाजारी ऐकू जाईल असं. बायको त्यांच्या पायाशी बसली. मी ओणवा उभा होतो, पाठीला रग लागली, पण हात सोडवून घेतला नाही.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले.

"त्याची टेकल्यावर वाजायची," त्या म्हणाल्या.

"हो. उद्या पुन्हा उघडून बघतो. नीट करतो."

"राहू दे," त्या म्हणाल्या. "त्याची त्याच्याबरोबर गेली."

मग बायकोला म्हणाल्या, दार लोटून घे, वारा येतोय.