मोरीच्या कडेची फरशी

डावीकडं वळताना अतुलची गाडी मुकाट वळायची. उजवीकडं वळवली की मागचा भाग सुटायचा आणि गाडी तोंड उलटं करून उभी. आठ आठवडे हेच चाललं होतं.

गाडी म्हणजे रिमोटची, हातभर लांबीची टूरिंग कार. बीड बायपासच्या एका मंगल कार्यालयाचं पार्किंग, लग्नाची तारीख नसेल त्या रविवारी, या मंडळींना मिळायचं. बोअरचा जुना काळा पाइप अंथरून ट्रॅक आखायचा आणि चाळिशीतल्या बाप्यांनी बोटाच्या पेराएवढ्या स्प्रिंगांवरून भांडायचं. येत्या रविवारी पुण्याच्या स्पर्धेसाठी तिघं निवडायचे होते. दोघं ठरले होते. तिसऱ्या जागेसाठी अट साधी होती. तीन फेऱ्या मारायच्या, त्यातली एक अठरा सेकंदांच्या आत हवी. अतुलची आजवरची चांगली फेरी एकोणीस पॉइंट चार. गेल्या वर्षीही तो असाच मागं राहिला, आणि पुण्याहून परतलेल्यांच्या फुशारक्या त्यानं वर्षभर स्वतःच चहा पाजून ऐकल्या.

सल्ले मात्र ढिगानं मिळाले. सुदर्शन, ज्याची निवड आधीच झाली होती, म्हणाला मागच्या स्प्रिंगा मऊ घाल. घातल्या, गाडी फिरली. इंद्रजीत ट्रॅक सांभाळायचा आणि वेळ मोजायचा. तो म्हणाला शॉकमधलं ऑइल घट्ट वापर. वापरलं, गाडी फिरली. नवे टायर लावले तेव्हा ती जास्त वेगानं फिरली, एवढाच फरक. आणि दर वेळी सल्ला देणारा असा बघायचा, की त्यानं फुकट दिलेली अक्कल अतुलनंच वाया घालवली.

"अंगठ्यात दोष हाय तुझ्या," सुदर्शन शेवटी म्हणाला. "गाडीला कशाला नाव ठेवतो?"

हे झोंबलं. वाळूजच्या कंपनीत अतुल क्वालिटीला होता. केसाएवढा फरक दिसला तरी अख्खी लॉट परत पाठवणारा माणूस. त्याच्या अंगठ्यात दोष?

शनिवारी दुपारी तो मुकुंदवाडीच्या घरी, मागच्या खोलीत, मोरीच्या कडेला गाडी उघडून बसला. जागा नेहमीचीच. तिथं खिडकीचा उजेड यायचा, आणि दुसरीकडं कुठं त्याची बायको, रत्नमाला, ऑइलचा थेंब पडू देत नव्हती. पद्धतही नेहमीचीच. काही बदललं की गाडी फरशीवर ठेवायची, चारी चाकांपाशी गाडीच्या पोटाखालची फट मोजायची, फट जास्त भरेल तिथली स्प्रिंग सैल करून तो कोपरा खाली आणायचा. जास्त भरायची ती मागच्या उजव्या चाकापाशी. दर वेळी. आजही तिथंच भरली.

अतुलनं पाना फरशीवर आपटला.

"फरशीनं काय घोडं मारलं?" बाजेवरून सखाराम म्हणाले. अतुलचे वडील. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेले. हे घर त्यांच्याच हातचं.

"आबा, तुमचं काय नाय ह्यात."

"नाय कसं? फरशी माझी हाय."

"उठा बरं," रत्नमाला बादली घेऊन दारात आली. "खोली धुवायची."

"दोन मिनिटं."

"आठ आठवडे झाले तुमच्या दोन मिनिटांला." तिनं पाणी ओतलं.

पाणी सरळ चाललं. गाडीच्या तीन चाकांना नुसतं शिवून चौथ्याकडं वळलं, मागच्या उजव्याकडं, आणि तिथून घसरत मोरीत गेलं. अतुल बघतच राहिला.

"आबा, इथं उतार हाय?"

"मग? उतार नाय दिला तर पाणी काय तू हातानं लोटणार? मोरीच्या कडेच्या फरशीला तर दोन सूत जादा दिलाय."

म्हणजे आठ आठवडे ते एक चाक खड्ड्यात होतं. अतुल त्या खड्ड्याच्या मापानं एकच स्प्रिंग सैल करत आला होता, आणि ती लंगडी गाडी सपाट जमिनीवर नेऊन उजवीकडं का वळत नाही म्हणून डोकं फोडत होता. कंपनीत काचेसारख्या सपाट दगडी टेबलाशिवाय साधा बोल्टसुद्धा न मोजणारा माणूस.

"मग सांगायचं ना मला."

"तू विचारलं का? मोबाईलमधल्या गोऱ्यांला विचारलं, सुदर्शनला विचारलं. मला वाटलं उतारावरच मोजायची पद्धत असंल."

डिप्लोमा झाल्यापासून अतुलनं बापाला 'जेवलात का' यापलीकडं काही विचारलंच नव्हतं.

सखाराम उठले. शोकेसमधली काच काढली.

"मामंजी, माझे कप," रत्नमाला म्हणाली.

"कप खाली बसतेत." त्यांनी काच जमिनीवर टेकवली, खाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवले, पिशवीतून पाणसळ काढली आणि तिच्यातला बुडबुडा मधोमध थांबेपर्यंत दम धरला. "ठेव आता."

गाडी काचेवर ठेवली. मागचा उजवा कोपरा खाली बसलेला, नुसत्या डोळ्यांना दिसत होता. अतुलनं त्या काचेवरच चारी स्प्रिंगा नव्यानं लावल्या.

रविवारी अतुल म्हणाला, "चला आबा." आयुष्यात पहिल्यांदा.

पहिल्या फेरीत उजवं वळण आलं आणि अंगठ्यानं घात केला. गाडी सुटणारच, या आठ आठवड्यांच्या सवयीनं त्यानं आधीच उलटं स्टिअरिंग दिलं. गाडी सुटलीच नाही. सरळ पाइपावर जाऊन आदळली.

"म्हणलं होतं, अंगठा," सुदर्शन म्हणाला.

दुसरी फेरी अठरा पॉइंट तीन. तिसऱ्यात अतुलनं दात आवळले आणि अंगठा जागेवर ठेवला. गाडी उजवीकडं तशीच वळली जशी डावीकडं वळायची.

"सतरा पॉइंट आठ," इंद्रजीत म्हणाला. "काय बदललं रे?"

"फरशी."

"नसंल सांगायचं तर नको सांगू." इंद्रजीत खरोखर चिडला.

सखाराम केव्हाचे त्या उजव्या वळणाकडं बघत होते. "इथं पाणी साचत असंल तुमच्या," ते म्हणाले.

"साचतं ना," इंद्रजीत म्हणाला. "वैताग हाय. पण तुम्हाला कसं कळलं, काका?"

सखाराम अतुलकडं वळले.

"बघ," ते म्हणाले. "हा विचारतोय."